चपट्या पिनांचा मिक्सर

बोईसरला आमच्या खोलीत दोन वास कायम मुक्कामाला असत. एक बाहेरचा, वसाहतीतल्या कारखान्यांचा. वारा फिरला की तो कधी गंधकासारखा, कधी नासक्या फणसासारखा यायचा आणि गावाकडचे पाहुणे रिक्षातून उतरताच नाकाला पदर लावायचे. दुसरा वास आमचा स्वतःचा, व्हॅनिलाचा आणि भाजलेल्या मैद्याचा. बाबा रंगाच्या कारखान्यात फिटर होते आणि आई घरी केक करून द्यायची. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, आमच्या घराण्यात केक हा शब्दसुद्धा कुणी उच्चारला नसेल. आई तो शिकली चाळीत काही दिवस राहून गेलेल्या एका ख्रिस्ती नर्सबाईंकडून. आधी पातेल्यात वाळू तापवून त्यात डबा ठेवायची. पुढे गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन आला, झाकणाला काचेची खिडकी असलेला. त्या खिडकीला नाक लावून केक फुगताना बघणं हा चाळीतल्या आम्हा पोरांचा सिनेमा होता.

केकमधलं खरं काम ओव्हनच्या आधीचं असतं. आई परातीत लोणी आणि पिठीसाखर घेऊन जमिनीवर फतकल मारून बसायची आणि तळहातानं ते फेसत राहायची. पिवळं लोणी हळूहळू पांढरं व्हायचं, मग हलकं, मग त्याला एक फुगीर तजेला यायचा. झालं की नाही ते बघायला ती त्यातला थेंबभर गोळा वाटीतल्या पाण्यात टाकायची. तरंगला तर झालं, बुडाला तर पुन्हा हात सुरू. परातीवर तळहात फिरल्याचा तो सपसप आवाज मला आजही ऐकू येतो. पहाटे पहिल्या पाळीच्या बसगाड्या घरघरत जायच्या, भोंगा व्हायचा, बाबा डबा घेऊन निघायचे आणि मागे तो आवाज चालू असायचा. वाढदिवसांच्या ऑर्डरी वाढल्या तसा आईचा उजवा खांदा धरला. तिळाचं तेल, गरम वाळूची पुरचुंडी, सगळं झालं. शेवटी हात डोक्यापर्यंत जाईना. मी तेव्हा दहावीला होते. शाळेत जाण्याआधी आईची वेणी मी घालायची, आणि ती आरशात न बघता खाली बघत बसायची.

जवळच्या पाम गावाहून अंडी घेऊन येणाऱ्या काशीबाईंनी एक दिवस तिला फटकारलं. "बाय, हात गेला का मग केक काय पायानं करशील? बाजारात मशीन मिलतात, आमी आयकलंय. घे एक."

घरात मशीन घ्यायची गोष्ट निघाली आणि बाबांमध्ये उत्साह संचारला. मशीन हा त्यांचा विषय. कारखान्यातल्या मोटरी, पंप, गिअर यांच्याबद्दल ते घरच्या माणसांसारखे बोलायचे, अमुक पंप रुसलाय, तमुक मोटर आज शहाण्यासारखी चालली. सुट्टीच्या दिवशी आम्ही तिघं पालघरला गेलो. तिथल्या भांड्यांच्या दुकानात एक मिक्सर होता, लहानसा, प्लॅस्टिकच्या अंगाचा. खाली भांडं, वरून मान वाकवलेला दांडा, दांड्याला फेसायची दोन पाती. आईनं तो उचलून बघितला, पुन्हा ठेवला, पुन्हा उचलला. डाव्या हातानंसुद्धा तो उचलता येत होता. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की तिची निवड झालीय. पण बाबांनी त्याची मान हलवून बघितली आणि दुकानदारासमोरच म्हणाले, "खेळणं आहे हे. आत गिअर प्लॅस्टिकचा असणार. महिनाभरात दात झिजतील."

"मला उचलायला बरं आहे," आई हळूच म्हणाली.

"मशीन उचलायला घेतात की चालवायला?"

आम्ही हात हलवत परत आलो.

तारापूरच्या अणुवीज प्रकल्पाच्या कॉलनीत सबनीसबाई राहायच्या. आईच्या केकचं नाव कॉलनीत त्यांनीच केलं होतं. त्यांच्या मुलीच्या वाढदिवसाचा केक आईनं केला आणि मग घरोघरचे निरोप यायला लागले. सबनीससाहेब मोठे इंजिनिअर, काही वर्षं परदेशी राहून आलेले. त्यांची आता दूर राजस्थानात बदली झाली होती आणि निरोपसमारंभाचा दोन मजली केक आईकडे सांगितलेला होता. त्याचं ठरवायला आम्ही तिघं गेलो तेव्हाच आईच्या खांद्याचा विषय निघाला. सबनीसबाई उठून आत गेल्या आणि म्हणाल्या, "इकडे या, तुम्हाला एक गंमत दाखवते."

ओट्यावर तो मिक्सर होता. दुधी रंगाचा, लोखंडी, एखाद्या बसलेल्या बैलासारखा भारदस्त. खाली जाड काचेचं भांडं. बाईंनी भांड्यात अंडी फोडली, एक कळ फिरवली आणि पाती स्वतःभोवती फिरता फिरता भांड्याभोवतीही फिरायला लागली. आवाज कसला, नुसता गुरगुराट. आमच्या डोळ्यांदेखत अंड्यांचा ढग झाला. आईनं तोंडावर हात ठेवला. बाबा मात्र वाकून त्याच्या मानेखाली बघत होते, गिअरचा आवाज ऐकत होते. मला त्यांच्या पायांकडे बघून संकोच वाटत होता. टाचांच्या भेगांत कारखान्याचा निळा रंग मुरलेला, आणि खाली सबनीसबाईंची पांढरी फरशी.

"राजस्थानात गेल्यावर माझं काही होणार नाही याच्यावर. तिथं नोकरच करतात सगळं," बाई म्हणाल्या. "योग्य घरी जावा असं वाटतं. घेऊन जा, तुमच्या हाताला जमतोय का बघा. देण्याघेण्याचं नंतर बोलू." मग मिक्सरमागच्या काळ्या लोखंडी डब्यावर हात ठेवून त्यांनी सांगितलं, "हा परदेशातल्या विजेवर चालतो, तिकडची वीज आपल्या निम्म्या दाबाची. म्हणून हा ट्रान्सफॉर्मर मध्ये लागतो. माझं शिलाई मशीनही तिकडचं आहे, मुलीचे दोन फ्रॉक तेवढे शिवायचेत. झाले की डबा पाठवते. तोवर मिक्सर चालवू नका हं."

"हो बाई," आई म्हणाली.

"हो हो," बाबाही म्हणाले. त्यांचं लक्ष अजून मानेखालीच होतं.

घरी येताना बसमध्ये बाबांनी तो मिक्सर गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतला होता. आम्हाला उभं राहावं लागलं, पण त्याला बसायला जागा मिळाली. वाटेत दोनतीनदा त्यांनी गोधडी सारून आत बघितलं. "बघितलंस?" ते आईला म्हणाले. "याला म्हणतात मशीन." मी त्यांना इतकं खूश क्वचित बघितलं होतं.

रविवारी दुपारी चाळीत बातमी पसरली आणि आमच्या दारात गर्दी झाली. काशीबाई अंड्यांची टोपली घेऊन आलेल्या, त्या उंबऱ्यावरच टेकल्या. समोरच्या खोलीतला यादव, बाबांच्याच कारखान्यात हेल्पर होता, तो खिडकीतून डोकावत होता. बाबा मिक्सर पुसून पुसून दाखवत होते आणि गिअर कसा फिरतो ते हातवारे करून सांगत होते.

"अरे पवार भैया, चलाके तो दिखाओ," यादव म्हणाला.

"डबा यायचाय अजून," आई म्हणाली. "बाईंनी सांगितलंय, डब्याशिवाय लावायचा नाही."

गर्दीत एक छोटीशी निराशा पसरली. बाबांनी ती बघितली. माझी खात्री आहे की तिथं गर्दी नसती तर त्यांनी ते केलं नसतं. "अगं, थोडा वेळ चालवला तर काय होतंय?" ते म्हणाले. "आपल्याकडे तरी वीज पूर्ण कुठं येते? संध्याकाळी दिवे बघ कसे मिणमिणतात. उलट बरोबर बसेल." मिक्सरच्या पिना चपट्या होत्या, आमच्या बोर्डात जाईनात. बाबांनी कोपऱ्यातली हत्यारांची पेटी ओढली, पक्कड काढली आणि ती पिन कचकन तोडून टाकली. आई पुढे झाली. "अहो, नको." पण तोवर त्यांनी वायर सोलली होती. आपली साधी पिन बसवायला त्यांना काही वेळ लागला नाही. ती कला त्यांच्या बोटांत होती.

बटण दाबलं आणि मिक्सर ओरडला. कॉलनीतला तो गुरगुराट नव्हे, एखादं जनावर सुटावं तसा. पाती दिसेनाशी झाली, नुसतं चकाकतं वर्तुळ राहिलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. यादव ओरडला, "वा भैया!" बाबा हसत सगळ्यांकडे बघायला वळले आणि त्यांच्या पाठीमागे मिक्सरच्या मानेतून आधी ठिणग्या आणि मग पिवळट धूर निघाला. बाबांनी पिन उपटली तोवर आतलं सगळं संपलं होतं. जळलेल्या वार्निशाच्या वासानं खोली भरून गेली.

काशीबाई उठता उठता पुटपुटल्या, "जलला गं बाय." मग एकेक जण निघून गेला, आणि यादवनं जाताना आपल्या खिडकीचा पडदा ओढून घेतला. त्याच्या त्या भल्या वागण्यानंच मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाबा संध्याकाळपर्यंत मिक्सर उघडून बसले. आतलं आर्मेचर, मोटरचा फिरता गाभा, काळं पडलं होतं. ते घेऊन ते स्टेशनजवळच्या, मोटरींना नवी तार गुंडाळून देणाऱ्या वाइंडिंगच्या दुकानात गेले आणि तसेच परत आले. जेवताना त्यांनी भाताकडे बघत आईला विचारलं, "आधीपासूनच बिघडलेला होता म्हटलं तर?"

आईनं त्यांच्या पानात आमटी वाढली आणि आपलं ताट घेऊन ती भिंतीकडे तोंड करून बसली. थोड्या वेळानं बाबाच म्हणाले, "नाही. ते नको."

दुसऱ्या दिवशी पहिली पाळी संपवून ते कॉलनीत गेले, आणि मला बरोबर नेलं. आईला ते नेऊ शकले नाहीत, एवढंच मला तेव्हा कळलं. त्यांनी आंघोळ करून लग्नातला पांढरा सदरा घातला होता. सबनीसांच्या दारात त्यांनी चप्पल काढली, पण आत पाऊल टाकलं नाही. "बाई, मी मिक्सर जाळला," ते उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले. "तुम्ही सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. पिन तोडून लावला."

सबनीसबाईंच्या हातात शिवलेला लहान फ्रॉक होता. "असू दे," त्या म्हणाल्या, पण त्यांचा आवाज पडला होता. आतून साहेब आले. त्यांना सगळं पुन्हा सांगावं लागलं. बाबांनी पुन्हा सांगितलं, तितकंच सरळ. साहेब रागावले असते तर बरं झालं असतं. ते हसले. चांगलं मोकळेपणानं, मान मागं टाकून हसले. "पवार, तुम्ही फिटर ना हो? पिन तोडून?"

"हो साहेब."

"कमाल आहे. जाऊ द्या. ठेवा आता तुमच्याकडेच, शोभेला."

बाबांनी भरपाईचं काढलं, पगारातून फेडतो म्हणाले, पण साहेबांनी हातानंच ते उडवून लावलं. परत येताना बाबा रस्त्याच्या कडेनं चालत होते, मी त्यांच्या मागे. त्या वयात मला बापाची लाज वाटत होती की बापाला लाज वाटत होती म्हणून मला रडू येत होतं, हे मी आता साठी उलटल्यावरही सांगू शकत नाही. दोन्ही एकमेकांत कालवलेलं होतं.

निरोपाचा केक तर करायचाच होता. आईनं परात काढली. बाबांनी ती तिच्या हातातून घेतली. "तू सांग," ते म्हणाले, "मी करतो." त्यांनी कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले, मला नखं बघायला सांगितली, पुन्हा धुतले, आणि आईसारखेच जमिनीवर बसले. लोणी फेसायला लागले तेव्हा पहिल्यांदा सगळं परातीबाहेर उडालं. "दाबू नका," आई म्हणाली, "फिरवा. चाक फिरतं तसं." दोन मजल्यांचं लोणी. घामानं त्यांची पाठ भिजली, सदरा काढून ते बनियनवर बसले. मध्ये मध्ये पाण्यात गोळा टाकायचे, तो बुडायचा, आणि ते मुकाट्यानं पुन्हा हात सुरू करायचे. शेवटी गोळा तरंगला तेव्हा आईनं वाटी त्यांच्यासमोर धरून ठेवली, त्यांनी नीट बघेपर्यंत. मला वाटतं ती रागावली होती आणि तिला कीवही येत होती, आणि यातलं काहीच तिला दाखवायचं नव्हतं.

केक पत्र्याच्या खोक्यात घालून आम्ही रिक्षानं कॉलनीच्या हॉलवर नेला. बाबा खोकं धरून बसले होते, प्रत्येक खड्ड्याला उचलून धरत. केक मांडून निघायचं असं ठरलं होतं, पण सबनीसबाईंनी आईचा हात धरला, "खाऊन जायचं." म्हणून आम्ही मागच्या भिंतीशी उभे राहिलो. केक कापला गेला. बशा फिरल्या. लोक आईकडे बघून माना डोलवत होते. एक बाई मुद्दाम येऊन म्हणाल्या, "कसला हलका झालाय हो, कापसासारखा." आईनं बाबांकडे बघितलं. बाबांनी बशीतला तुकडा अजून खाल्ला नव्हता.

मग साहेबांनी भाषण केलं, इंग्रजीत. कॉलनीत सगळ्या प्रांतांतली माणसं, त्यामुळे तिथं तेच चालायचं. आधी जुन्या आठवणी झाल्या, मित्रांच्या थट्टा झाल्या. मग त्यांनी बशी उंच धरली आणि केकवर आले, आणि केकवरून मिक्सरवर. बोईसरच्या एका फिटरला त्यांनी आपलं परदेशी मशीन दिलं, त्यानं ते घरच्या बोर्डाला लावून क्षणात स्मशानात पोचवलं, आणि असे फिटर आपल्या प्रकल्पात नाहीत म्हणूनच आपण सगळे इथं अजून जिवंत आहोत, असं काहीसं ते होतं. हॉल हसला. खूप हसला. नाव त्यांनी घेतलं नाही. माझं इंग्रजी दहावीचं, पण तेवढं मला पुरलं. सबनीसबाई खाली बघत होत्या.

आणि माझ्या शेजारी बाबा हसत होते. सगळे हसतात म्हणून हसतो तसे, हातात बशी धरून, साहेबांकडे बघत. मोठ्यानं. मला वाटलं जमीन दुभंगावी. एखाद्या माणसाला त्याच्यावरच्या विनोदात असं हसताना बघणं, आणि तो आपला बाप असणं. त्यानंतर आयुष्यात माझे अपमान काही कमी झाले नाहीत, पण त्या हसण्याइतकं दुसरं काही मला आतून जाळत गेलेलं नाही.

परतीच्या बसला वेळ होता म्हणून आम्ही फाट्यापर्यंत चालत निघालो. आई रिकामं खोकं घेऊन पुढे. इंग्रजीचा तिला गंध नव्हता, तिनं मला सहज विचारलं, "साहेब एवढं काय गं म्हणत होते केकबद्दल? सगळे हसले."

"चांगला झालाय म्हणाले," मी म्हटलं. "म्हणाले, इथला केक तिकडे गेल्यावर आठवत राहील."

"हो का?" आई म्हणाली. तिला बरं वाटलं.

बाबा काही पावलं तसेच चालले. मग म्हणाले, "फिटर. मशीन. बोर्ड." थोडं थांबून, "एवढं इंग्रजी मला येतं गं पोरी. रोज तेच तर बोलतो."

मी थांबले. आईही वळून थांबली. तिनं एकदा माझ्याकडे आणि एकदा बाबांकडे बघितलं, आणि तिला सगळं कळलं.

"मग हसलात कशाला?" तिनं विचारलं.

"नसतो हसलो तर सगळ्यांना कळलं असतं की तो फिटर मीच."

रस्त्यावरून पाळीची एक बस दिवे टाकत गेली. आईनं खोकं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "रविवारी पालघरला जायचं," ती म्हणाली. "तो लहान मिक्सर घ्यायचा. तुम्ही यायचं."

"मी कशाला? तुझी निवड बरोबर होती. तू घे."

"मोटर कोण बघेल मग?"

रविवारी बाबा आले. दुकानदारानं मिक्सर काढून समोर ठेवला. बाबांनी तो उलटा केला, खिशातून चष्मा काढला आणि खालच्या पट्टीवरचं अक्षर न् अक्षर वाचलं, ओठ हलवत, दोनदा. दुकानात दुसरी गिऱ्हाइकं आली, गेली. त्यांनी वायर बोटांतून फिरवून बघितली, पिन बघितली, मान वर-खाली करून बघितली. मग "ठीक आहे," म्हणाले आणि मिक्सर हळूच सरळ ठेवला.

"काका, चालू करून बघा ना," दुकानदार म्हणाला. "बोर्ड तुमच्यासमोरच आहे."

बाबांचा हात निम्म्यात गेला आणि परत आला. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि एक पाऊल मागं सरकले. आईनं थोडा वेळ वाट बघितली. मग तिनं पदर खोचला, डाव्या हातानं मिक्सर स्वतःकडे ओढला आणि बटण दाबलं.